उभे ७, तीन अक्षरी

‘अहिराणी किंवा मालवणी, लिलावात हीच लावतात. दोन अक्षरी.’

अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या चौकटीच्या वहीत मी हे पहिलं सूत्र लिहिलं. उत्तर ‘बोली’. इतकं सहज सुचलं की वाटलं, उरलेलं कोडं चार दिवसांत होईल. त्यात अख्खा भाद्रपद गेला आणि अर्धा आश्विन.

निमित्त आमच्या अंकाचं. भोसरी एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी अकाउंट्समध्ये एकवीस वर्षं काढली, तो २०१४ साली एका परदेशी समूहानं विकत घेतला. तेव्हाचे आम्ही पंचवीस-तीस जण अजून वर्षातून दोनदा भेटतो आणि दिवाळीला झेरॉक्स काढून बत्तीस पानांचा घरगुती अंक करतो. यंदा ठरलं की अंक त्या विक्रीच्या वर्षावर काढायचा. आठवणी, कविता, फोटो वाटून झाले. जेवणाच्या सुट्टीत मी रोज कोडं सोडवायचे हे सगळ्यांना माहीत, म्हणून शब्दकोडं माझ्याकडे आलं. विषय एकच: कंपनी ताब्यात घेणे.

कोड्यांची गोडी बाबांची. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत रविवारची पुरवणी आली की ते आधी पेन्सिलीला टोक करायचे. त्यांचा नियम होता की उत्तर येत असलं तरी त्याला छेद देणारा दुसरा शब्द हाती लागेपर्यंत चौकटीत काही भरायचं नाही. आज त्यांचं वय ८६ आहे आणि नियम तोच आहे.

कोडं सोडवणं आणि कोडं रचणं यांत किती अंतर आहे ते मला या वयात कळलं. पहिलं छापील शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये दिलं, शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं ते, मध्ये पोकळ. इंग्रजीत एका चौकटीत एक अक्षर, आणि सगळी मिळून अक्षरं सव्वीस. मराठीत चौकटीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसकट पूर्ण अक्षर बसतं, जोडाक्षरही एकाच घरात. ‘ताबा’मधल्या ‘ता’ला छेद द्यायचा तर ‘ता’च हवा, नुसता ‘त’ चालत नाही. ‘अधिग्रहण’ मांडलं की ‘ग्र’पाशी अडायला होतं, तिथून खाली उतरायला ‘आग्रह’, ‘अनुग्रह’ असे मोजकेच शब्द मिळतात आणि त्यांचा विषयाशी संबंध नसतो. मराठीत कोडं रचणाऱ्याला शब्दांचा अर्थ जितका पाहावा लागतो तितकाच त्यांचा घाट पाहावा लागतो.

विषयाचे शब्द मी आधी इंग्रजीतून गोळा केले, कारण तिथं साठा तयार आहे. आमचे फायनान्सचे साहेब इंग्रजी पेपरातलं कोडं थेट शाईनं भरायचे, आणि अमेरिकी कोड्यांचं एक पुस्तक त्यांच्या खणात असायचं. ‘कंपनी घेण्याचा एक मार्ग, संक्षेपात’ असं सूत्र आणि तीन चौकटी दिसल्या की ते न थांबता ‘एलबीओ’ लिहायचे. लीव्हरेज्ड बायआउट. हा शब्द तिथं फार येतो. लहान आहे आणि शेवटी ‘ओ’ आहे, त्यामुळे कुठेही खपतो. त्याचा अर्थ साहेबांनी मला एकदा डबा खाताना सांगितला होता. जी कंपनी घ्यायची तिच्याच मालमत्तेच्या आणि मिळकतीच्या भरवशावर कर्ज उचलायचं, त्या पैशानं तिला विकत घ्यायचं आणि हप्ते पुन्हा तिच्याच कमाईतून फेडायचे. केकेआर या अमेरिकी गुंतवणूक संस्थेनं १९८८ च्या अखेरीस आरजेआर नाबिस्को या सिगारेट आणि बिस्किटांच्या कंपनीसाठी अशीच सुमारे २५ अब्ज डॉलरची बोली जिंकली. शेजारी बसलेल्या आमच्या टायपिस्ट बाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे मुलीचेच दागिने गहाण टाकून तिच्याशी लग्न करायचं, आणि मग तिच्याच पगारातून ते सोडवून आणायचे.” साहेबांनी हातातला घास तसाच ठेवला आणि म्हणाले, “अगदी असंच.”

मग ‘रेडर’: बाजारातून शेअर गोळा करून कंपनीवर चाल करणारा. त्याचं नावच उत्तर म्हणून हवं असलं तर ‘आयकान’, म्हणजे कार्ल आयकान. ‘पॉयझन पिल’ हे मार्टिन लिप्टन या वकिलांनी १९८२ मध्ये शोधलेलं हत्यार. चाल करून येणाऱ्याची मालकी ठरावीक टक्क्यांपुढे गेली की त्याला सोडून बाकीच्या भागधारकांना नवे शेअर स्वस्तात मिळतात, आणि त्याचा हिस्सा पातळ होतो. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये ते ग्राह्य धरलं. ‘व्हाइट नाइट’ म्हणजे ऐनवेळी बोलावलेला भला खरेदीदार. ‘गोल्डन पॅराशूट’ म्हणजे ताबा गेल्यावर वरिष्ठांना मिळणारी घसघशीत रक्कम.

मी या सगळ्यांचं मराठी करून पाहिलं. विषाची गोळी, पांढरा सरदार, सोन्याची छत्री. दोन रात्री घालवून नऊ बाय नऊच्या चौकटीत ते बसवले आणि सकाळी बाबांपुढे वही ठेवली. त्यांनी चष्मा पुसून सगळं वाचलं.

“हे कोण सोडवेल?” ते म्हणाले. “ज्याला इंग्रजी शब्द आधीच माहीत आहे, तोच. मग त्याला मराठी कोड्याची गरज काय? उत्तर असं हवं की सापडल्यावर माणूस म्हणेल, अरे, हा तर माझ्याच तोंडातला शब्द.”

मी म्हटलं, “बाबा, हा व्यवहारच तिकडचा आहे. आपल्याकडे त्याला शब्द कुठून असणार?”

“आपल्याकडे कंपनीनं कधी ताबा घेतलाच नाही? शनिवारवाडा कोणी घेतला?”

मी लहानपणापासून त्या दरवाज्यासमोरून जाते. ‘कंपनी सरकार’ हा शब्द शाळेत शंभरदा वाचला. पण ती खरोखरची कंपनी होती, ३१ डिसेंबर १६०० ला सनद मिळालेली, भागधारक असलेली, लंडनमध्ये संचालक बसवून वर्षाला लाभांश वाटणारी, हे मी आयुष्यभर ताळेबंद लिहूनसुद्धा त्या वाड्याशी जोडून पाहिलं नव्हतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. दुसरे बाजीराव ३ जून १८१८ ला कंपनीचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाले, आणि वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा घेऊन बिठूरला गेले. तिथं ते १८५१ पर्यंत जगले.

वर्षाला आठ लाख. मी वहीत ‘गोल्डन पॅराशूट’वर काट मारली आणि ‘तनखा’ लिहिलं.

मग शब्द येतच गेले, आणि ते सगळे घरचे होते. ‘वेढा’. ‘तह’. ‘फितुरी’. इंग्रजी ‘व्हाइट नाइट’ला जवळ जाणारा शब्द बाबांनीच सुचवला: ‘दत्तक’. संस्थानाला वारस नाही आणि ते बळकावायला कोणी टपलेलं आहे, अशा वेळी आपल्या पसंतीचा मुलगा मांडीवर घ्यायचा, म्हणजे घराण्याचं नाव आणि गादी दोन्ही टिकतात. साताऱ्याच्या महाराजांनी १८४८ मध्ये मृत्युशय्येवर तेच केलं. डलहौसीनं ते दत्तकविधान मानलं नाही. सातारा खालसा झालं.

‘खालसा’ लिहिताना हात थांबला. शेजारच्या उभ्या ओळीत ‘तनखा’ होताच, त्याचं शेवटचं अक्षर ‘खा’, आणि ‘खालसा’चं पहिलं अक्षर ‘खा’. एकाच चौकटीत दोघं भेटत होते. वरच्या आडव्या ओळीत मी ‘संपादन’ मांडलं होतं, त्याचं सूत्र ‘पेपरात लेखाचं करतात, बाजारात कंपनीचं’. त्याचा ‘न’ नेमका ‘तनखा’च्या मधल्या घरात बसला. संपादन, तनखा, खालसा. मी काही न करता तिन्ही शब्द एकमेकांना धरून उभे राहिले. रात्रीचे साडेबारा वाजले होते, आणि तरी मी बाबांना उठवून ते दाखवलं.

साताऱ्याचा विषय निघाल्यावर बाबांना युनायटेड वेस्टर्न बँक आठवली. १९३६ सालची साताऱ्याची बँक; २००६ मध्ये ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. पाठोपाठ २००७ मध्ये १९१६ साली स्थापन झालेली सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. दक्षिण महाराष्ट्रातल्या किती घरांत त्या पासबुकांवर हळदीकुंकू लागलेलं असेल. ‘विलीनीकरण’ हा सहा अक्षरी शब्द मी आडव्या ओळीत सगळ्यांत खाली घेतला. तो मला शांत वाटतो, नदी समुद्राला मिळाल्यासारखा. पण नदीचं नाव त्यानंतर कोणी घेत नाही, हेही त्यात आलंच.

‘चौथाई’ मात्र माझी मी शोधली आणि तिचा मला फार आनंद आहे. १९९७ च्या नियमांत शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीचा १५ टक्के हिस्सा हाती आला की खरेदीदाराला इतर भागधारकांसाठी जाहीर प्रस्ताव आणावा लागायचा. २०११ मध्ये सेबीनं, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, ती मर्यादा २५ टक्के केली, आणि प्रस्ताव किमान २६ टक्क्यांचा हवा असं ठरवलं. दोन्ही मिळून ५१. म्हणजे आज कायद्याच्या नजरेत कंपनीवर खरी चाल सुरू होते ती एक चतुर्थांश हिस्सा हाती आला की. चौथाई! १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, तेव्हाही पाव हिस्सा म्हणजे मुलुखात कायदेशीर पाय रोवणंच होतं. दोन गोष्टींचा एकमेकींशी इतिहासानं काही संबंध नाही हे मला कळतं. पण एका शब्दात दोन्ही मावतात, आणि कोडं रचणाऱ्याला तेवढं पुरतं. सूत्र लिहिलं: ‘पेशव्यांनी सनद आणली तिची, सेबीचा जाहीर प्रस्ताव इथून सुरू (३)’.

आता अडचण सांगते. हे सगळे शब्द बसले आणि चौकट जवळजवळ भरली, तेव्हा मी ती दूर धरून पाहिली. वेढा घालणारा त्यात होता. तह करणारा होता, तनखा घेणारा होता, वारस होता. आम्ही कुठेच नव्हतो. वाड्यातले कारकून, पागेतले मोतद्दार, मुदपाकखान्यातल्या बायका १८ नोव्हेंबरला सकाळी कुठे कामाला गेल्या असतील, त्याला शब्द नव्हता. इंग्रजी कोड्यातही नाही. तिथं ताबा ‘फ्रेंडली’ की ‘होस्टाइल’ हे ठरतं ते संचालक मंडळाच्या संमतीवरून. १९८३ मध्ये ब्रिटनमधले उद्योगपती स्वराज पॉल यांनी एस्कॉर्ट्स आणि डीसीएमचे शेअर गोळा केले, २०१९ मध्ये लार्सन अँड टुब्रोनं माइंडट्री या आयटी कंपनीतला सुमारे २० टक्के हिस्सा व्ही. जी. सिद्धार्थ यांच्याकडून ९८० रुपये भावानं घेतला आणि पुढे आणखी हिस्सा मिळवला. या दोन्हींना होस्टाइल म्हटलं गेलं, कारण कंपनी चालवणाऱ्यांचा विरोध होता. आमची विक्री फ्रेंडली होती. तीन भावांची खासगी कंपनी. तिघांनी राजीखुशीनं सह्या केल्या आणि कँटीनमध्ये पेढे वाटले. मीही पेढा घेतला. त्या भावांबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे. थोरल्यांनी माझ्या मुलीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी न मागता उचल दिली होती.

अकाउंट्समध्ये बसून हा बदल पाहणं फार विलक्षण असतं. मालकी शेअरवाटे बदलली की कंपनी कायद्यानं तीच राहते. पॅन तोच, टॅन तोच, पीएफचा कोड तोच, माझा कर्मचारी क्रमांक तोच. लेजरमध्ये काहीही हललं नाही, फक्त भागधारकांच्या नोंदवहीत तीन नावांच्या जागी दुसरी नावं आली. पहिले काही महिने मला खरंच वाटत होतं की काही झालेलं नाही.

मग गुरुवार गेला. भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात विजेच्या नियोजनामुळे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. नव्या मालकांनी त्यांच्या जगभरच्या रिवाजाप्रमाणे शनिवार-रविवार केला. एकाऐवजी दोन दिवस मिळाले, आणि पुरुषमंडळी खूश झाली. पण आमच्या खात्यातल्या चौघीजणी मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलश मांडायच्या, पाच सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलवायच्या. त्या वर्षी मार्गशीर्ष आला तेव्हा त्या पहाटे चारला उठून पूजा उरकून सातच्या बसला उभ्या होत्या. एकीच्या हाताला ओलं कुंकू होतं आणि बसच्या दांडीला ते लागलं.

त्यानंतर नाव गेलं. प्रवेशद्वारावरची पाटी उतरली, आणि माझ्या टेबलावरचे अकरा शिक्के गोळा झाले. ते दोघांच्या देखत ब्लेडनं कापायचे असा आदेश होता. मी स्वतः कापले. रबर जुनं झालं की कडक होतं, कापायला जोर लागतो. नवीन लेटरहेडवर कायद्यानं दोन वर्षं नव्या नावासोबत जुनं नाव छापायचं असतं. सहीसाठी पहिलं पत्र समोर आलं आणि त्या कंसातल्या जुन्या नावाकडे मी कितीतरी वेळ बघत राहिले. ते कुठेतरी पाहिलं होतं. माझ्या स्वतःच्या रेशनकार्डाच्या अर्जावर, विम्याच्या कागदावर, मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर. पूर्वाश्रमीचं नाव. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं मुलीचं नवं नाव काढतात आणि सगळे कौतुकानं वाचतात. माझं तर पहिलं नावही बदललं होतं.

नंतर कोणीतरी मला सांगितलं की तो भूखंडही कंपनीच्या मालकीचा कधीच नव्हता. एमआयडीसीचा ९५ वर्षांचा भाडेपट्टा. त्याआधी तिथं कोणाचं तरी ज्वारीचं शेत असणार, ते ‘भूसंपादना’त गेलेलं. पुन्हा ‘संपादन’. आमच्या गेटवरचे वॉचमन भोसरीचेच. ते एकदा कंप्रेसर रूमकडे बोट करून म्हणाले होते की तिथं आमची विहीर होती. तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं. कोडं रचताना ते वाक्य परत आलं, आणि मी ‘विहीर’ शब्द बसवायचा फार प्रयत्न केला. बसला नाही.

शेवटी एक उभी ओळ रिकामी राहिली. ‘विलीनीकरण’मधल्या ‘र’वर संपणारी, तीन अक्षरी, उभे ७. वरच्या दोन घरांना छेद नव्हता. मी तिथं ‘शेअर’ घालून मोकळी झाले. सूत्र लिहिलं: ‘सोडलं की कागदोपत्री नाव बदलतं (३)’. शेअर पुल्लिंगी, म्हणून खरं तर ‘सोडला’ हवं होतं. पण लिंगावरून उत्तर लगेच फुटेल म्हणून मी मोघम ‘सोडलं’ केलं.

अंक छापण्याआधी कोणाकडून तरी सोडवून घ्यावं म्हणून एक प्रत आमच्या स्टोअरमधल्या ताईंना दिली. त्या कोडी सोडवणाऱ्यांतल्या नाहीत. मालाच्या नोंदीची ‘बिन कार्डं’ लिहिण्यात त्यांची वर्षं गेली आणि अक्षर मोत्यासारखं आहे. आठ दिवसांनी त्या घरी कागद घेऊन आल्या. तीन-चार घरं कोरी होती, ‘खालसा’ बरोबर होतं, ‘चौथाई’ बरोबर होतं. उभे ७ मध्ये त्यांनी लिहिलं होतं ‘माहेर’.

मी म्हटलं, “ताई, इथं शेअर हवं होतं.”

“हो का?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तू आपल्याबद्दल विचारते आहेस.”

कोडं रचणाऱ्याच्या हिशेबानं ही माझी चूक होती. एका सूत्राची दोन उत्तरं निघाली तर चौकट सदोष, आणि छेद नसलेली दोन घरं सोडली की हे होणारच. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी कागद घेतला, सूत्रावर बोट ठेवलं आणि दोनदा वाचलं.

“सोडलं,” ते म्हणाले. “नपुंसकलिंग. तो शेअर, ते माहेर. तुझं उत्तर तुझ्याच सूत्रात बसत नाही. यांचं बसतं.”

ताई चहा घेऊन गेल्या. मी वही उघडली आणि उत्तरांच्या पानावर उभे ७ समोरचं ‘शेअर’ खोडरबरानं पुसलं. पेन्सिल बाबांनी आधीच टोक करून ठेवली होती.